घरात माणसं किती

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवते. पूर्णगडच्या बंदरावर मासळी घ्यायची नि बाजारात बसून विकायची, यात तीस वर्षं गेली. तिथं हळू बोलणाऱ्या बाईची टोपली संध्याकाळी भरलेलीच घरी जाते. त्यामुळे परवा सावर्ड्याला नम्रताबाईंनी माझ्या हातात माइक दिला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्याच. बाईंनी माइक हळूच काढून घेतला. म्हणाल्या, मैनाताई, तुम्हाला नको हा.

नम्रताबाई रत्नागिरीत कॉलेजात शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'पारख' नावाचं मंडळ काढलंय. मारुती मंदिराजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तेच ऑफिस. मन शांत करून देतो, देव दाखवतो, दुःख संपवतो असं म्हणणाऱ्यांच्या नादाला लागून ज्यांच्या घरचं माणूस घर सोडून गेलंय, ती माणसं तिथं येतात. नि आम्ही पाचसहा जणी बाईंबरोबर गावोगाव फिरतो. शाळेत, महिला मंडळात, कुठं बोलावतील तिथं जाऊन सांगतो, की हे असं असं असतं, डोळे उघडे ठेवा.

बायका ऐकतात. काही पदर तोंडाला लावून हसतात. सावर्ड्याला एक जण म्हणाली, आमच्या मुली शिकलेल्या आहेत हो, त्या नाहीत असल्याला भुलायच्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बाई, माझी नर्सिंग शिकलेली. सुई टोचली तरी माणसाला कळायचं नाही असा हात तिचा. शिकलेली माणसं भुलत नाहीत, हे तुला कोणी शिकवलंन? नम्रताबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, नि मी खाली बसले.

एक जण उठून म्हणाली, मग तुम्ही देव मानू नका म्हणता का? हा प्रश्न सगळीकडे येतो. बाईंचं उत्तर ठरलेलं असतं. देव आहे का नाही ते आम्ही सांगत नाही, त्या म्हणतात. तुम्ही जिथं जाता तिथं प्रश्न विचारता येतो का, आणि नको वाटलं तर निघून येता येतं का, एवढंच बघा.

कार्यक्रम संपून चहा आला, की एक तरी बाई मला बाजूला गाठते नि विचारते, तुमची आली का हो परत? सावर्ड्यालाही एकीनं गाठलंन. त्याचंच उत्तर द्यायला बसलेय. पण ते एका शब्दात नाही देता येत.

माझी एकुलती एक मुलगी, निशिगंधा. हे नाव तिच्या बापानं ठेवलंन. उभा जन्म होडीवर गेलेल्या माणसाला असलं नाव सुचलं कुठून, कोण जाणे. नवऱ्याचं नाव मी सहसा घेत नाही, पण ही सगळी गोष्ट नावांचीच आहे, तर घेते. केरू. बोलणं कमी, काम जास्त. माझ्या तोंडापुढे दुसरा कोण टिकला असता?

निशिगंधा रत्नागिरीत एका दवाखान्यात नोकरीला लागली, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. लग्न ठरलं. पत्रिका वाटून झाल्या नि मुलाकडच्यांनी मोडलं. कारणही धड सांगितलं नाही. पोरगी घरी आली ती चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी काय केलं? मी त्या मुलाच्या सात पिढ्यांना शिव्या घालत बसले. तिला काय होतंय ते विचारायचं राहूनच गेलं.

ते दुसऱ्या कोणीतरी विचारलंन. दवाखान्यात येणारी एक मुलगी, गोड बोलणारी. रविवारी मन हलकं करायचा वर्ग असतो, ये ना, म्हणाली. शांतिवेल परिवार म्हणून आहे तो. पहिल्या दिवशी म्हणे बारा जणींनी तिला मिठी मारली. मग दर रविवार. मग शनिवार-रविवार घाटावरच्या केंद्रात. तिथं एक गुरू आहे, त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'मोठे' म्हणायचं. मोठ्यांनी सांगितलंय, मोठ्यांना आवडणार नाही.

मी बायकांना हे रापणीवरून समजावते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी ते समुद्रात लांबवर, मोठ्या फेऱ्यानं सोडून येते. आत सापडलेल्या माशाला कुठं काय कळतं? त्याला वाटतं, सगळा दर्या आपलाच. दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली की मग कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

सहा महिन्यांत पोरीनं मासळी सोडलीन. ठीक आहे म्हटलं, सोड. मग म्हणाली, आई, घरात वास येतो, त्या वासानं मन खाली ओढतं. माझ्या हातांचा वास! त्याच हातांनी काटे काढून भरवलेली पोर ही. मी बोलायला सुरुवात केली ती थांबलेच नाही. तिच्या त्या मोठ्याला काय काय म्हटलं, ते इथं लिहीत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलंन नि म्हणाली, तुम्ही चिडणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मग शिमगा आला. दोन वर्षांपूर्वीचा. दर शिमग्याला घरी यायचं, हे तिनं अजून मोडलेलं नव्हतंन. 

आमच्या वाडीची एक रीत आहे. देवीची पालखी घरोघर येते. अंगणात टेकली, की घरची बाई ओटी भरते, घरचा पुरुष नारळ हातात घेऊन उभा राहतो, नि गुरव विचारतो, घरात माणसं किती? मग घरची बाई एकेकाचं नाव सांगते. मुंबईला असलेल्याचं, दर्यावर गेलेल्याचं, पोटुशी सून असेल तर पोटातल्याचंसुद्धा. गुरव ती सगळी नावं घेऊन गाऱ्हाणं घालतो, यांना सुखी ठेव, यांच्यावर नजर ठेव, नि जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, होय महाराजा. गाऱ्हाण्यात नाव आलं की ते माणूस वर्षभर देवीच्या पदरात, असं आम्ही मानतो. 

आमचा गुरव गंगाराम. पालखी अंगणात आली तेव्हा निशिगंधा आतल्या खोलीत. मी दोनदा हाक मारली. ती दारापर्यंत आली नि तिथंच थांबली. म्हणाली, मला चालत नाही, आई. मी नाही पाया पडणार. हळूच म्हणाली होती, पण पहिल्या चार बायकांनी ऐकलंच. अख्खी वाडी अंगणात उभी. माझा चेहरा तापला.

गंगारामनं विचारलंन, "मैनावहिनी, घरात माणसं किती?"

मी दाराकडे बघितलं. नि या माझ्या मोठ्या आवाजात म्हटलं, "दोघंच. मी नि हे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंनी, हातात नारळ तसाच. मग गंगारामनं दोघांचीच नावं घेतलीन. अंगण म्हणालं, होय महाराजा. 

दारातून ती बघत होती. रडली असती, भांडली असती, तर मला कळलं असतं. ती नुसती आत गेली. सकाळी मी बंदरावरून परत आले तर तिची बॅग नव्हती. दुपारी मोबाइलवर मेसेज आला. माझं नाव आता शुभ्रा आहे. तुम्ही दोघंच आहात ना घरात, सुखी राहा.

दवाखान्यातली नोकरी सोडलीन. खोली सोडलीन. फोन लागेना.

तीन महिने मी गावभर सांगत फिरले, की पोरीवर काहीतरी केलंय, पोरीला पळवलीन. ह्यांच्या होडीवरची माणसं घेऊन केंद्र फोडायला निघाले होते. कोणीतरी नम्रताबाईंचा पत्ता दिलान, म्हणून आधी तिकडे गेले. भांडायलाच गेले म्हणा ना. दोन तास मी बोलत होते. बाईंनी एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, तिच्यासमोर तुम्ही शेवटचं काय बोललात?

मी सांगितलं. बाईंनी टेबलावरची वही जवळ ओढली. मग म्हणाल्या, शांतिवेलमधून बाहेर पडलेल्या दोघीजणी माझ्याकडे येऊन गेल्या आहेत. तिथं प्रत्येकीला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट सांगतात. तुमच्या घरचीच माणसं एक दिवस तुमचं नाव पुसतील. त्या दिवशी इकडे या, इथं तुमच्यासाठी नवं नाव वाट बघतंय.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे त्या मोठ्यानं सांगितलंन, नि मी ते खरं करून दाखवलं. अख्ख्या गावासमोर, देवीसमोर. त्याला पोर ओढून न्यावी लागलीच नाही. मी हातानं दिली. त्या खोलीत मी ओरडून रडले. खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला होता.

केंद्र फोडायचं राहिलं. बाईंनी समजावलं, तुमची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. पोलीस गेले तर ती सांगेल, मी मर्जीनं राहते. एका बापानं तसं केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला भलतीकडे हलवलं, आजपर्यंत पत्ता नाही. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा. भांडू नका, त्या मोठ्याचं नाव काढू नका, परत ये म्हणू नका. घरातलं साधंसुधं लिहीत राहा. 

हे मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत. दर रविवारी एक मेसेज. आज बांगडा बरा मिळाला. बाबांचा गुडघा दुखतोय. मांजरीला तीन पिल्लं झाली. पुढे एकच खूण उमटायची, म्हणजे पोचलाच नाही. तरी लिहायचं. कधी कधी चार ओळी शिव्या लिहून मग पुसून टाकायची, नि मांजरीचंच लिहायची.

वर्ष गेलं. परत शिमगा. पालखी अंगणात टेकली, नि गंगारामनं विचारायच्या आधी जरा घसा खाकरलान. त्यालाही आठवत होतं. घरात माणसं किती, म्हणाला. मी तोंड उघडणार, तोवर हेच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचा आवाज अंगणाच्या पार गेला. "तीन. पहिलं नाव निशिगंधा."

गंगारामनं तिचं नाव घेतलंन. जिथं असेल तिथं सुखी ठेव, पायात काटा मोडू देऊ नको, म्हणाला. अंगण म्हणालं, होय महाराजा. शेजारच्या विनीतनं ते मोबाइलवर चित्रित केलंन नि मी तिला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. खूण एकच उमटली. महिन्याभरानं एका रविवारी बघते तर दोन. तिला पोचलं होतं! मी त्या दोन खुणा ह्यांना दाखवल्या, शेजारी दाखवल्या, बाजारात दाखवल्या. पण उत्तर काही आलं नाही. एक महिना, दोन महिने, पावसाळा सरला. मला वाटलं, ऐकलंन, नि तरीही मन नाही वळलं. आता काय उरलं?

दसऱ्यानंतर नम्रताबाईंचा फोन आला, की शांतिवेलमधून एक मुलगी बाहेर पडलीय, बुरोंडीची आहे, मनिषा नाव. ती तुमच्या मुलीबरोबर एका खोलीत होती. लगेच या.

बुरोंडीची म्हणजे आमच्यासारखीच मासळीवर वाढलेली. मी डब्यात कोळंबीचं कालवण नि भात नेला. पोरीनं डबा उघडलान, वास घेतलान नि झाकण लावून मांडीवर धरून बसली. तीन वर्षं झाली म्हणाली. नंतर नुसता भात खाल्लान. मी म्हटलं, राहू दे, घाई नाही.

मग ती सांगायला लागली. तिथं फोन जमा करून ठेवतात. पहिलं वर्षभर देतच नाहीत, मग महिन्यातून एकदा देतात, तोही पंधरा-वीस मुलींच्या मधोमध बसून बघायचा, नि एक ताई मागे उभी. तो व्हिडिओ आला त्या दिवशी निशिगंधा फोन पदराखाली लपवून न्हाणीघरात गेली. मनिषा दाराशी राखण करत उभी होती. आवाज बाहेर गेला तर पकडतील, म्हणून निशिगंधानं आवाज पूर्ण बंद केलान. तसाच मुका व्हिडिओ तिनं चार वेळा बघितलान.

"तिनं मला आत बोलावून विचारलंन," मनिषा म्हणाली, "गुरवाचे ओठ बघून तुला काय कळतं का? मला नाही कळलं. तिलाही नाही. निघताना मी तिला तेवढं सांगितलं, की मी जातेय. तर म्हणाली, माझ्या आईला भेटलीस तर एवढंच विचार, त्या गाऱ्हाण्यात माझं नाव होतं का."

मी डोकं धरून खाली बसले. सहा महिने. सहा महिने ती पोर त्या एका गोष्टीवर लटकलेली, नि मी इथं दोन खुणा मिरवत बसलेली. खाली एक ओळ लिहिली असती तर? तुझं नाव घेतलं, एवढे तीन शब्द. पण गाऱ्हाणं घातलं, अख्ख्या गावानं ऐकलं, म्हणजे सगळ्या जगानं ऐकलं, असंच वाटलं मला. आम्हां लोकांना गाऱ्हाणं म्हणजे ऐकायचीच गोष्ट. ते कधी कोणाला लिहून कळवायचं असतं, हे डोक्यातच येत नाही.

त्याच क्षणी मेसेज लिहिला. एकच खूण. मनिषा म्हणाली, व्हिडिओचं कळल्यावर तिचा फोन कायमचा काढून घेतलाय. पण गुरुवारी ती केंद्राची भाजी आणायला बाजारात जाते, बरोबर दुसरी एक असते. संधी मिळाली तर कुठल्यातरी दुकानातून फोन करीन, म्हणालीय. केलान तर मिनिटभरच बोलेल. काय बोलायचं ते ठरवून ठेवा.

नम्रताबाईंनी माझ्याकडून तालीम करून घेतली. खरंच सांगते, शाळेतल्या पोरासारखी. त्या निशिगंधा व्हायच्या, मी मी. पहिल्यांदा मी म्हटलं, होतं गो, होतं नाव, आता त्या मेल्यांना लाथ मारून निघून ये. बाई म्हणाल्या, परत. दुसऱ्यांदा मी म्हटलं, होतं, नि बाबा तुझ्यासाठी खंगलेत. परत, म्हणाल्या. तिनं विचारलंय तेवढंच सांगा, मैनाताई. येण्याचं तिचं तिला ठरवू दे. तिथं सगळं तिच्यासाठी दुसरेच ठरवतात. मनिषा कोपऱ्यात बसून ऐकत होती. सातव्या-आठव्या वेळेला मला जमलं.

तीन गुरुवार गेले. गुरुवारी मी घराबाहेर पडायचीच नाही म्हणत होते, पण हे म्हणाले, फोन तर बरोबरच असतो ना, जा. चौथ्या गुरुवारी बाजारात सुरमईच्या तुकड्या करत होते, सकाळचे अकरा वाजले असतील. समोर दोन गिऱ्हाइकं. अनोळखी नंबर. हाताला मासळीचं रक्त लागलेलं, तशाच हातानं फोन उचलला.

पलीकडे गाड्यांचा आवाज. मग श्वास. मग ती.

"आई. गाऱ्हाण्यात माझं नाव होतं?"

माझ्या घशाशी काय काय आलं म्हणून सांगू. ये गो घरी. कशी आहेस. वाळलीस का. मी चुकले, माझ्या तोंडाला आग लागो. सगळं तिथंच दाबलं. 

"होतं," मी म्हटलं. "तीन माणसं सांगितली. तुझं नाव पहिलं. बाबांनीच सांगितलंनी. निशिगंधा म्हणून."

गाड्यांचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, गेली. मग अगदी बारीक आवाजात, लहानपणी ताप आला की बोलायची तसं म्हणाली, "परत एकदा घे."

"निशिगंधा," मी म्हटलं. मला आवाज हळू ठेवता येत नाही, तो बाजारभर गेला. "निशिगंधा. निशिगंधा."

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा फोन तिकडून बंद झाला होता. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत उभी होती. एक म्हातारी बाई, ओळख ना पाळख, हळूच म्हणाली, होय महाराजा. मी सुरी खाली ठेवली नि तोंड धुवायला नळावर गेले.

याला आता तीन आठवडे झाले. परत फोन नाही. नम्रताबाई म्हणतात, एक दिवस येईल किंवा येणार नाही, आपण दोन्हीसाठी जागं राहायचं. म्हणून त्या सावर्ड्याच्या बाईला, नि तुम्हालाही, खरं तेच सांगते. मुलगी आली का विचाराल, तर अजून नाही. घरात माणसं किती विचाराल, तर तीन.